उजवी बाजू

हॉटेलच्या लाँड्रीत तिला सगळे डागबाई म्हणत. बावीस वर्षं ती मळके कपडे निवडायच्या खोलीत उभी होती, आणि डाग ओळखण्यात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. ट्रॉली रिकामी झाली की चादरींचा ढीग पायाशी पडे. ती एकेक चादर झटकून सांगे, हे रक्त, गार पाण्यात घाला. ही लिपस्टिक नव्हे, सॉस आहे. आणि हे काय आहे ते विचारू नका, मुकाट्याने वेगळं भिजवा. नवीन आलेल्या मुली पहिल्या आठवड्यात नाकाला रुमाल लावून बाहेर पळत. एकीने तर पाहुण्याने ओकलेली उशी बघून स्वतः तिथेच ओकारी काढली. डागबाईने दोन्ही निस्तरलं, हात धुतले आणि डबा उघडला. "माणसाचीच घाण आहे ना," ती म्हणाली, "किळस कसली करायची त्यात?"

अशा बाईला नागीण झाली, आणि तीही थेट चेहऱ्यावर.

आधी दोन दिवस उजव्या कपाळात नुसता ठणका होता. तिसऱ्या दिवशी फोड आले. टाळूपासून भुवईपर्यंत, पापणीवर, गालाच्या हाडावर. कुणी नाकावर पट्टी ठेवून रेघ मारावी तसे ते मध्यावर थांबले, डावीकडे एकही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वेळेवर औषध दिलं म्हणून डोळा वाचला. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. सगळे म्हणाले, सुटलीस बाई! लाँड्रीतला इस्त्रीवाला, ज्याला त्याच्या उंचीमुळे लंबू म्हणत, त्याने तर लांबूनच हाळी दिली, "डागबाई, डाग पार गेला की! पावडर कुठली वापरली?"

तिला हसू आलं. पण हसताना गाल वर सरकला आणि भुवईतून टाळूपर्यंत अशी काही कळ गेली की हातातली चादर खाली पडली.

फोड गेले होते, आग गेली नव्हती. कातडीखाली कुणी निखारे पसरून ठेवावेत तशी ती दिवसभर धगधगत राही, आणि मधेच सुईसारखं काहीतरी आरपार जाई. त्याहून वाईट होता तो स्पर्श. दाबलं तर एक वेळ चाले, पण नुसतं काही घासून गेलं, केसाची बट, पंख्याचा वारा, ड्रायरचं दार उघडल्यावर येणारी गरम वाफ, की जीव नकोसा होई. गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, "नस दुखावली आहे. वेळ लागेल." किती वेळ, हे काही त्यांनी सांगितलं नाही. झोप आणणाऱ्या गोळ्या तेवढ्या लिहून दिल्या.

मग तिला किळस म्हणजे काय ते कळायला लागलं.

सुरुवात तिच्या स्वतःपासून झाली. उजव्या बाजूला पाणी लागू देता येत नव्हतं, म्हणून ती चेहऱ्याची डावी बाजूच धुवायची. केसांचंही तेच. डावीकडे कंगवा फिरे, उजवीकडे केस चिकटून, एकमेकांत अडकून त्यांच्या जटा होऊ लागल्या. भुवईत कोंडा साठला. नाकाच्या बाजूच्या खोबणीत पिवळट थर धरला, आणि तो तिला आरशात दिसे पण काढता येत नसे. महिनाभरात तिला वास यायला लागला. बावीस वर्षं जगाच्या चादरी हुंगलेलं नाक तिचं, ते चुकणार कसं? जुनं खोबरं खवट झाल्यावर येतो तसा वास होता तो. आधी तिला वाटलं ट्रॉलीतून येतोय. तिने ट्रॉली बाजूला ढकलली, तरी वास तिथेच. मग मान वळवल्यावर तिला कळलं, आपलंच डोकं. त्या दिवशी तिने डबा तसाच परत नेला.

दुसरी पाळी लोकांची. येणारा जाणारा चेहरा जवळ आणून उजवी बाजू न्याहाळे आणि म्हणे, "अहो, छान बरं झालंय की सगळं!" त्यांच्या तोंडाची वाफ गालावर आदळे. तिला त्यांचे दात दिसत, दातांतलं जेवण दिसे. लोकांना वाटे, बाईला गर्व झालाय, बोलता बोलता मागे सरकते.

आणि तिसरा, नवरा.

हे तिने कुणालाच सांगितलं नसतं. तो बसचालक होता, पहाटेची पाळी करून दुपारी घरी येई. जेवून तिच्याकडे तोंड करून आडवा होई आणि दिवसभरात कोण कोण प्रवासी भेटले ते सांगत सांगत झोपी जाई. चोवीस वर्षांची सवय. तिला सुट्टी असली की तीही ऐकता ऐकता डोळा लावी. आता त्याचा श्वास तिच्या कपाळावर येई, ओला, कोमट, कांद्याचा, आणि प्रत्येक श्वासाबरोबर सुया टोचत. आधी नुसतं दुखे. मग दुखण्यात शिसारी मिसळली. पुढे पुढे तो नुसता कुशीवर वळायला लागला तरी तिच्या घशाशी यायचं. चांगल्या माणसाच्या श्वासाची आपल्याला ओकारी येते, याची तिला इतकी लाज वाटली की तिने पंच्याची गुंडाळी करून दोघांच्या मधे ठेवली आणि सांगितलं, "मला मानेला आधार लागतो."

त्याला ते पटलं नाही. तो उठून बाहेरच्या खोलीत झोपायला लागला आणि बहिणीकडे जाऊन मन मोकळं करू लागला.

बहीण, म्हणजे हिची मोठी नणंद, चार गल्ल्या सोडून राहायची. आई गेल्यावर तिनेच भावाला वाढवलेलं. मायाळू बाई, पण एकदा तिच्या मनाने घेतलं की ते पार पाडल्याशिवाय गप्प बसायची नाही. तिच्या मनाने घेतलं की विष आत राहिलंय.

"वरून बरी दिसते, आत तशीच आहे," ती येऊन म्हणाली. "ओढून काढावी लागते. लसूण ठेचायचा, राईच्या तेलात चार दिवस मुरवायचा आणि लावायचा. एका दिवसात फरक."

"वन्सं, मला केस लागलेला सहन होत नाही. लसूण कुठून सहन होईल?"

"झोंबणारच. झोंबलं नाही तर विष निघेल कसं?"

नवरा पेपर वाचत होता. पेपर खाली न करता तो म्हणाला, "लावून बघायला काय जातं?"

तिने दोघांकडे पाहिलं आणि आत निघून गेली. तिला वाटलं, विषय संपला.

पुढच्या रविवारी दुपारी गोळी घेऊन ती आरामखुर्चीत बसली होती. गोळीने डोकं जड झालं, मान डावीकडे कलली, उजवी बाजू वर. तिला पुढचं एवढंच आठवतं की आधी एक भयंकर वास आला, कुजका, तेलकट, गटारात लसूण सांडावा तसा. आणि डोळे उघडायच्या आत चेहऱ्यावर काहीतरी लिबलिबीत, गार थापलं गेलं, आणि लगेच ते पेटलं.

ती ओरडली ती अशी की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. हात आपोआप फिरला. नणंदेच्या गालावर चापट बसली, चष्मा उडून फरशीवर फुटला, वाटी भिंतीवर आदळली आणि पिवळा ओघळ भिंतीवरून खाली आला. नणंद गालाला हात लावून उभी राहिली.

"मारलंस? मला मारलंस? मी तुझं भलं करायला आले आणि..."

"ताई, तू आधी बस," नवरा म्हणाला. मग बायकोकडे वळला. "अगं, वेड लागलं का तुला? वयाचा तरी मान ठेव. माफी माग आधी."

ती मोरीत धावली आणि आधी ओकली. मग नळ सोडला आणि नळाकडे बघत उभी राहिली. लेप धुवायला पाहिजे होता, नाहीतर कातडी जळणार होती. आणि धुवायचा म्हणजे पाणी लावायचं होतं. तेल ओघळून पापणीपर्यंत आलं होतं. लसणाचे दाणे भुवईत अडकले होते, केसांच्या जटांत शिरले होते. ओल्या कापसाचे बारीक बोळे करून ती एकेक दाणा टिपत राहिली. एक बोळा लावायचा, दात आवळायचे, भिंत धरायची, श्वास घ्यायचा, दुसरा बोळा. दोन तास लागले. बेसिनात पिवळ्या बोळ्यांचा ढीग झाला. एवढा घाण ढीग तिने हॉटेलातही पाहिला नव्हता.

मधे कधीतरी नवरा दारात येऊन उभा राहिला. "मदत करू?"

"तुम्हीच आत घेतलंत ना त्यांना? मी झोपलेय हे बघून?"

त्याने कापसाचा पुडा उचलून तिच्यापुढे धरला.

"जा इथून. तुमचा वास येतो."

आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं चाललं. नवव्या दिवशी मोठ्या दवाखान्यात, जुनाट दुखण्यांच्या विभागात तिची वेळ ठरली होती. गोळ्यांच्या झोपेत एकटीला प्रवास जमेना म्हणून तो बरोबर आला. बसमध्ये तो पुढच्या बाकावर बसला, ती मागच्या.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "डोळे मिटा. कुठे, काय लागतंय ते सांगा." डावा गाल. "कापूस," ती म्हणाली. डावं कपाळ. "कापूसच."

मग उजवं कपाळ.

खुर्ची फरशीवर करकरत मागे गेली. तिने हाताने चेहरा झाकायचा प्रयत्न केला, पण चेहऱ्याला हात लावता येत नव्हता, म्हणून ते हात हवेतच राहिले. उजव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं.

"अहो, कापूसच होता," नवरा डॉक्टरांना म्हणाला. तो अर्धवट उठला होता. "मी बघितलं ना. नुसता धागा होता कापसाचा."

"हो. तेच तुम्हाला दाखवायचं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाई, तुम्हाला काय लागलं?"

"तारेची घासणी," ती म्हणाली. "तापवलेली."

नवरा खाली बसला. त्याने टेबलावरचा तो कापसाचा धागा बोटात धरला, स्वतःच्या कपाळावर फिरवला, पुन्हा फिरवला. काहीच कळलं नसावं त्याला.

डॉक्टरीणबाई जवळ वाकून बघत होत्या. "आणि इथे कातडी भाजल्यासारखी का झालीय? काही लावलं होतं?"

वन्संचं नाव तिच्या ओठांवर होतं, पण तिला बघायचं होतं तो काय म्हणतो.

"लसूण," तो म्हणाला. "ही झोपली होती. मी लावू दिलं."

त्याने बहिणीचं नाव घेतलं नाही, आणि स्वतःला सोडवूनही घेतलं नाही. बरं वाटावं असं त्यात काही नव्हतं, तरी तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

डॉक्टरीणबाईंनी त्याला चार शब्द सुनावले ते त्याने मुकाट ऐकले. दुसऱ्या गोळ्या दिल्या, हळूहळू वाढवायच्या. भाजलेलं भरल्यावर लावायला बधिर करणारं मलम दिलं, डोळ्यापासून लांब. "पूर्ण जाईल असं वचन देत नाही," त्या म्हणाल्या. "काहींचं काही महिन्यांत जातं, काहींचं रेंगाळतं. कमी करता येईल, एवढं सांगते."

परतताना तो तिच्या डाव्या बाजूला येऊन बसला. उजवीकडची खिडकी त्याने आधीच लावून घेतली होती.

त्याच संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. तिथे काय बोलणं झालं ते तिने विचारलं नाही. नणंद महिनाभर फिरकली नाही.

जखम भरल्यावर एका दुपारी तिने मलम लावलं, अर्धा तास थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "कात्री आणा. उजवीकडचे सगळे काढा, मुळापासून."

त्याने बसचं स्टिअरिंग धरावं तशी दोन्ही हातांनी कात्री धरली. जटांचे गोळे मांडीवर पडू लागले, मेणचट, कोंडा भरलेले, अजून लसणाचा वास धरून असलेले. तिला ओकारी आली, तिने ती गिळली. त्यालाही आली असणार, कारण त्याने तोंड बाजूला फिरवून मोठा श्वास घेतला. श्वास मात्र त्याने तिच्यावर सोडला नाही.

"घाण आहे ना?" तिने विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "हलू नकोस."

तिला ते उत्तर आवडलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या दिसण्याबद्दल कुणीतरी खरं बोललं होतं. डोकं अर्धं भादरलेलं आणि अर्धं केसांचं असं काही भयानक दिसत होतं की शेवटी तिने डावीकडचेही काढायला लावले. लंबूने दुसऱ्या दिवशी तिला बघितलं, तोंड उघडलं आणि शहाणपणाने परत मिटलं.

नणंद आली ती त्याच आठवड्यात. हातात काही नव्हतं. दारातच उभी राहून तिने नवीन चष्म्यातून हिचं डोकं पाहिलं.

"चापट मारली ते माझं चुकलं, वन्सं," ती म्हणाली. "लेप लावलात ते तुमचं चुकलं. आणि तुमचं जास्त चुकलं."

नणंदेने चष्मा काढून पदराने पुसला. "मला वाटलं होतं, बरी होशील."

"मलाही वाटलं होतं."

नणंद आत येऊन बसली. चार हात लांब बसली. भिंतीवरचा पिवळा ओघळ पुसला तरी गेला नव्हता, त्याच्याकडे ती बघत राहिली. "तेलाचा डाग आहे," ती हळूच म्हणाली. "कशाने निघेल गं?"

"नाही निघणार. रंगच द्यावा लागेल."

गोळ्या वाढल्या. दुखणं निम्म्यावर आलं आणि तिथेच अडून बसलं. थंड वाऱ्यात ते अजून डोकं वर काढतं. लाँड्रीत तिने ड्रायरकडे जाणं सोडलं, निवडायच्या खोलीतच दार लावून बसते. चादरींची किळस तिला पूर्वीही नव्हती, आताही नाही. माणसं मात्र फार जवळ येऊन बोलायला लागली की ती आता मागे सरकत नाही, हात पुढे करून स्पष्ट सांगते, "तिथूनच बोला." काहींना राग येतो. येऊ दे म्हणते.