सीझन संपायच्या आत

एजंटने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "ताई, घर विकायचं तर सुट्ट्यांत. परीक्षा संपल्या की गिऱ्हाईक बाहेर पडतं, शाळा उघडल्या की बाजार झोपतो. मग थंडी सरेपर्यंत माशा मारत बसा."

त्याचा दुसरा नियम असा, की घरात कोणी राहतंय असं दिसता कामा नये. त्यामुळे त्या सुट्ट्यांत त्याचा फोन आला रे आला की आमची पळापळ सुरू व्हायची. ओट्यावरची भांडी कपाटात, दोरीवरचे कपडे पलंगाखाली, लेकीची खेळणी गाडीच्या डिकीत. आणि सासरे खाली, गेटजवळच्या बाकावर. म्हातारं माणूस दिसलं की गिऱ्हाइकाला औषधांचा वास येतो म्हणे. मला ते लागलं, पण पटलंही. बाबा चपला घालायचे, पेपर काखोटीला मारायचे आणि निघायचे.

मला घाई होती, ती मी लपवत नाही. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं तेव्हापासून माझा निम्मा जन्म बसमध्ये चालला होता. मी निघताना लेक झोपलेली, परतताना झोपलेली. शेजारीण तिला म्हणाली, "आईला माझा निरोप सांग हं," तर पोरगी म्हणते, "रविवारी सांगेन." हसण्यावारी नेलं मी, पण ते काळजात रुतून बसलं.

ऑफिसला लागून दोन खोल्यांचं एक घर एजंटनेच शोधून दिलं होतं. त्याचा मालक शाळा उघडेपर्यंत थांबणार होता, पुढे एक दिवस नाही. आमचं घर विकल्याशिवाय ते घेता येणार नव्हतं. दोन खोल्यांत चौघं मावणार नव्हतो, म्हणून बाबांनी मोठ्या दिरांकडे, दुसऱ्या गावी जायचं, असं मी आणि नवऱ्याने ठरवून टाकलं. "काही दिवस," असं आम्ही म्हणायचो. म्हणजे किती, हे दोघांनीही विचारलं नाही.

गिऱ्हाइकं येत होती. खिडक्या उघडून बघायची, नळ सोडायची, "उजेड छान आहे हो," म्हणायची, खाली उतरायची आणि गप्प व्हायची. एजंटने फोन केला की कोणाला विचार करायचा असायचा, कोणाच्या बायकोला घर पसंत नसायचं. जी बाई माझ्यादेखत पडद्यांची मापं घेऊन गेली, तिला पसंत नाही! मी भाव उतरवला. हॉल रंगवून घेतला. आधी एजंटवर संशय घेतला, मग वरच्या मजल्यावरच्या कुत्र्यावर, शेवटी नवऱ्यावर, कारण गिऱ्हाईक आलं की तो उगाच हसत उभा राहायचा. दुकानांत नवी दप्तरं टांगलेली दिसू लागली. मला बसल्या जागी चैन पडेना. पुसलेला ओटा मी पुन्हा पुन्हा पुसत होते.

सुट्टीतल्या शेवटून दुसऱ्या रविवारी एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळं घर दोनदा फिरून बघितलं, भावाची घासाघीस केली नाही, हसत खाली गेल्या. मी देवाला हात जोडतेय तोवर एजंटचा फोन. आवाज चढलेला.

"ताई, घरात भाडेकरू आहे हे मला आधी सांगायचं होतं."

"कसला भाडेकरू?"

"खाली बाकावर बसलाय तो! बाई म्हणतात, ज्या घरातून माणूस हलणार नाही, ते घर आम्हाला नको."

मी अनवाणीच खाली धावले. बाबा शांतपणे पेपर वाचत होते.

"बाबा, त्या बाईंना काय सांगितलंत?"

त्यांनी पेपराची घडी घातली. "सांगितलं काही नाही. विचारलं फक्त. मागची छोटी खोली मला भाड्याने द्याल का. पेन्शनीतून झेपेल तेवढं देईन म्हटलं. स्वयंपाकघर वापरणार नाही."

"सगळ्यांना हेच विचारलंत?"

"छे. चांगली माणसं वाटली त्यांनाच." मग जरा थांबून म्हणाले, "सगळी चांगलीच वाटत होती."

"गिऱ्हाइकं पळवलीत तुम्ही! सीझन गेला आमचा!" मी भर गेटात ओरडले. वॉचमन दुसरीकडे बघायला लागला.

"मला काय ठाऊक, पळतील म्हणून? घराबरोबर भाडंही मिळतंय म्हटल्यावर माणूस खूशच व्हायला हवा."

ते खरंच बुचकळ्यात पडले होते. मला रडू आलं. ते रागाने आलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या रविवारी शेवटचं गिऱ्हाईक यायचं होतं. "बाबांना सिनेमाला धाडा, नातलगांकडे धाडा, पण बाक रिकामा हवा," असं एजंटने बजावलं होतं. फोन वाजला, तसे बाबा आपणहून चपला शोधायला लागले. मी म्हटलं, "बसा." का म्हटलं, ते मलाही नीट कळलं नाही. ते हॉलमधल्या खुर्चीत अंग चोरून बसले.

आले ते दोघे भाऊ होते, बेकरीवाले. घर त्यांना आवडलं. आमचा भावही मान्य झाला. मग त्यांतल्या मोठ्या भावाने विचारलं, "रिकामं कधी मिळेल?" आणि त्याची नजर खुर्चीकडे गेली. एजंट खोकला. मी तोंड उघडणार तोच बाबा बोलले.

"लगेच. मी तर आज निघालो तरी चालेल."

आणि बेकरीवाल्याला जायला वाट मिळावी म्हणून त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

व्यवहार ठरला. भाऊ गेल्यावर एजंटने कपाळ पुसलं. "तरलात, ताई! उद्या त्या दोन खोल्यांचंही उरकून टाकू."

सगळं मनासारखं झालं होतं, आणि माझ्या कानातून ते "लगेच" काही केल्या जाईना.

"त्या दोन खोल्या राहू द्या. तीन खोल्यांचं दाखवा," मी म्हटलं.

"एवढ्या पैशांत? मग ऑफिसपाशी विसरा, निम्म्या वाटेवर मिळेल. आणि तेही आत्ता? अहो, सीझनमध्ये विकावं, घेऊ नये! थंडीपर्यंत थांबा, भाव पडतील. तोवर बाबा मोठ्या दादांकडे..."

"तोवर बाबांना तिकडे ठेवायचं? ते काय सामान आहेत?"

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता. "तीन खोल्यांचंच बघा," तो एजंटला म्हणाला.

मला वाटलं, बाबांना आनंद होईल. ते भडकलेच.

"हे माझ्या माथी कशाला मारतेस? उद्या बसमध्ये उभी राहून थकलीस की म्हणशील, म्हाताऱ्यापायी झालं."

"म्हणेन," मी म्हटलं. "चिडले की नक्की म्हणेन. पण आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय हवंय?"

खुर्चीखाली ओढलेले पाय त्यांनी हळूच पुढे केले.

"मला थोरल्याकडे जायचं नाही गं."

एवढं म्हणायला त्यांना अख्खा सीझन लागला होता. आणि विचारायला मलाही.