डाव्या पायाची चप्पल

मानवी मेंदू एका वेळी चारच गोष्टी नीट धरून ठेवू शकतो, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. परमेश्वरला हे बीडच्या प्रशिक्षणात कळले. तिथे पाच वक्ते होते; पाचव्याचे त्याला काहीच आठवत नाही.

धारूरजवळच्या वीज उपकेंद्रात तो ऑपरेटर होता. मोबाईलवर बावीस ग्रुप: बिघाडांचे, तक्रारींचे, साहेबांचे, शुभ सकाळचे. प्रशिक्षणातले एक वाक्य मात्र त्याने धरले होते. महत्त्वाचे ते डोक्याबाहेर ठेवा. म्हणून वायरमन धुळाजी खांबावर चढायला निघाला, की डाव्या पायाची चप्पल परमेश्वरच्या टेबलाखाली ठेवून जायचा. चप्पल आहे तोवर लाईन बंद. चप्पल गेली, म्हणजे माणूस खाली.

"शास्त्र माज्याच पायावर कामून रं?" धुळाजी आज निघताना म्हणालाच.

"डोकं माजं भरलंय. तुजा पाय रिकामाच हाय."

साडेबाराला फोन आला. गावचे पुढारी तानाजीराव अण्णा, त्यांचा पुतण्या. "लाईट सोडा की! अण्णा भाषणाला उभे हायेत, माईक बंद. लोकं जेवायला पळायलेत!"

परमेश्वरने टेबलाखाली पाहिले. चप्पल नव्हती.

तो उठला. बोट बटणाजवळ नेले. पण धुळाजी आत आलेला काही आठवेना. आला असेल, आपण मोबाईलमध्ये असू. परवा बायको समोर बसून जेवून उठली, तेही कळले नव्हते. खात्रीसाठी त्याने धुळाजीला फोन लावला.

रिंग त्याच खोलीत वाजली. खिडकीत. मोबाईल चार्जिंगला होता.

चप्पल न्यायला आलेला माणूस मोबाईल ठेवून जाईल?

चटका बसावा तसे बोट मागे आले. परमेश्वर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसला. पुतण्याचा फोन सात वेळा वाजला. त्याने वाजू दिला.

वीस मिनिटांनी धुळाजी दारात आला, एका पायाने उड्या मारत. "खांबावरून उतरलो, सोड लाईन. आन् चप्पल दे आधी, लई पोळायलंय."

परमेश्वरने स्वतःच्या दोन्ही चपला काढून पुढे सरकवल्या.

"आरं, तुज्या कशाला? माजी कुठंय?"

भिंतीमागे कुत्रे चपलेचा अंगठा चावत बसले होते.

प्रकरण साहेबांपर्यंत गेले. त्यांनी ते फार गांभीर्याने घेतले आणि संध्याकाळी सुरक्षेसाठी वेगळा ग्रुप काढला.

आता तेवीस झाले.