पेंकाची पाठ

"खांदे खाली, पेंकामावशी! कानातले डूल आहेत का ते?"

पेंकाने खांदे खाली घेतले. ते निमूट पुन्हा कानांपाशी गेले. सव्वीस वर्षांचा संसार होता त्यांचा तिथे.

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, तिचं दुकान तळघरात होतं आणि खिडकी फुटपाथला लागून. गिऱ्हाइकाने उकिडवं बसून तोंड आत घालायचं, पेंकाने खालून मान वर करून सिगरेटी, पाणी, सूर्यफुलाच्या बिया द्यायच्या. अख्खी आळी ती गुडघ्यांवरून ओळखे. पाठीची मात्र कमान झाली होती.

आता व्यायामशाळेत ती ज्या यंत्रावर बसली होती त्याला रिफॉर्मर, म्हणजे सुधारक, म्हणत. सरकता पाट, खाली स्प्रिंगा, पुढे दोन पट्टे. देशात सुधारणा बऱ्याच येऊन गेल्या होत्या. पेंकाच्या पाठीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच. पाटावरच्या खोक्यावर ताठ बसायचं आणि कोपरं मागे नेत पट्टे ओढायचे.

"हातांनी नको, पाठीनं ओढ," रालित्सा म्हणाली. शेजारणीची ही मुलगी तिला सहा आठवडे शिकवत होती.

"पाठीला ओढता आलं असतं तर तुझ्याकडे आले असते का गं मी?"

"खांद्याची पाती मागे एकमेकांना भेटू देत. हळू. हनुवटी आत. वर काय बघतेस? इथे गिऱ्हाईक नाहीये."

"झाले ना दहा?"

"चार."

पेंकाने पट्टे पुन्हा ओढले. "रविवारपर्यंत सरळ होईन ना?"

"काय आहे रविवारी?"

"बागेत बँड आहे."

"आणि?"

"आणि आस्पारुख आहेत."

"तो बियावाला? अगंबाई! मग अजून दहा."

आस्पारुख म्हणजे जमिनीचे निवृत्त मोजणीदार. अकरा वर्षं रोज संध्याकाळी बियांचं एक पुडकं न्यायचे आणि पाऊण तास उकिडवे बसून गप्पा मारायचे. नाव जुन्या राजाचं, बूट चकचकीत. ते उठले की खिडकीतून कोट वर वर जाई, संपतच नसे. तिला उभं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. एवढ्या उंचापुऱ्या माणसाशेजारी वाकलेली बाई? बघून माघारी फिरतील, याची तिला खात्री होती.

रविवारी ती बागेच्या फाटकाशी उभी राहिली. पाती मागे, हनुवटी आत. ओळखीचे बूट समोर येऊन थांबले. तिने समोर पाहिलं. समोर एक झाड होतं. आस्पारुख तिच्या नजरेच्या बरेच खाली होते, जेमतेम तिच्या खांद्याला लागत होते.

तळघरातून सगळीच माणसं उंच दिसतात, हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचे खांदे आपसूक निघाले कानांकडे. जरासं वाकलं की भागलं असतं. सवय तर होतीच. पण सहा आठवडे पट्टे ओढले होते ते काय यासाठी? ती ताठच राहिली. फिरायचं तर फिरा माघारी.

आस्पारुखनी टोपी काढली आणि मान मागे टाकून तिला नीट, सावकाश पाहिलं, एखादा डोंगर मोजावा तसं.

"फारच झाले का मी?" पेंकाने विचारलं.

"अकरा वर्षं तुम्ही वर बघितलंत," ते म्हणाले. "आता माझी पाळी."

बँड सुरू झाला. नाचाच्या साखळीत शिरताना त्यांनी हात वर केला, तिने खाली. मध्येच कुठेतरी गाठ पडली.