घंटा थांबेपर्यंत

हेमंतातली सोनसळी सकाळ. गोदाकाठच्या जोंधळ्यावर दव, जोंधळ्यापलीकडे धुके, आणि धुक्यात अर्धे बुडालेले, स्वप्नात पाहावे तसे ख्रिस्ती मंडळीचे चिमुकले प्रभुमंदिर. उपासनेची घंटा वाजत होती. घंटा थांबली की उपासना सुरू, मग कोणी आत पाऊल टाकायचे नाही, ही या मंडळीची जुनी रीत.

दोर ओढीत होता म्हातारा बर्णबा. बर्णबा म्हणजे बोधपुत्र, खचलेल्याला धीर देणारा. आजोबांनी हौसेने बायबलातल्या प्रेषिताचे नाव ठेवले, आणि नातू असा मुखदुर्बळ निघाला की तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! "बोधपुत्रा, बोल की काहीतरी," म्हणून गाव थट्टा करी. तो हसे, आणि घंटा वाजवी.

चिंचेखाली योएल उभा होता. तरुणपणी दारूच्या धुंदीत त्याने याच मंदिराचे गवती छप्पर पेटवले होते आणि गावातून तोंड काळे केले होते. आता तो केस पिकवून परतला होता. आज आत घेतले नाही, तर पुन्हा या गावात पाय ठेवायचा नाही, असे कालच त्याने बर्णबाला सांगितले होते. लोक येत, त्याला पाहत, आणि लेकरांना ओढून आत नेत.

बर्णबाला आजोबांनी सांगितलेली बायबलातली गोष्ट आठवली. मंडळीला छळणारा शौल मन पालटून यरुशलेमेत आला, तेव्हा सारे त्याला भीत होते. एकट्या त्या पहिल्या बर्णबाने त्याला जवळ केले, प्रेषितांपुढे नेले. तिथे तो काय बोलला, हे म्हाताऱ्याला कधीच नीट आठवत नसे. धरलेला हात मात्र आठवे.

घंटा वाजत राहिली. धुके विरले, ऊन पायरीवर आले, आणि घंटा वाजतच राहिली. म्हाताऱ्याचे दंड भरून आले.

"बर्णबा, पुरे की आता! सगळे आले," पाळकसाहेब दारातून म्हणाले.

"एक यायचाय, साहेब."

आत कुजबुज उठली, आणि हळूहळू निवली. मागच्या सतरंजीवर कोणीतरी सरकून जागा केली. बर्णबाने एका हाताने दोर धरला, दुसरा चिंचेकडे पसरला.

योएल रडत आला. त्याने तो हात धरला, आणि थकलेल्या हाताखाली दोरही धरला.

दोघांनी मिळून एक टोला दिला. गोड, गंभीर, जोंधळ्यावरून दूर दूर गेलेला. मग दोघे आत गेले. मागे रिकामा दोर उन्हात हलत राहिला. हळू, अजून हळू, आणि मग स्थिर.