आधी कारण सांग, मग मार

दाभोळच्या जेटीवर मासळीची टोपली चोरल्याच्या संशयावरून सुरक्षारक्षक सर्वेशने बाबू खलाशाला धरले. भोवती गर्दी जमली. "हाण रे, हाण!" असा गलका झाला आणि सर्वेश असा चेकाळला, की बाबू आडवा झाला तरी काठी थांबेना. टोपली मागाहून दुसऱ्याच होडीत सापडली. बाबूचा उजवा हात तीन ठिकाणी मोडला. ओरडणारे तोवर घरी जाऊन जेवलेसुद्धा!

रक्षक पुरवणाऱ्या एजन्सीने सर्वेशला रत्नागिरीला लाठीच्या प्रशिक्षणाला धाडले. तिथे नापास झाला तर नोकरी जाणार होती. शिकवायला होते निवृत्त हवालदार धोंडू घाणेकर. त्यांचा एक हट्ट होता, प्रत्येक फटक्याआधी कारण मोठ्याने सांगायचे.

"सुरा काढला!" सर्वेश ओरडे आणि पेंढ्याच्या पोत्यावर मांडीच्या उंचीला फटका ओढी. दोन दिवसांत त्याला वाटले, आपण पास.

तिसऱ्या दिवशी घाणेकर स्वतःच जाड जाकीट नि हेल्मेट चढवून उभे राहिले. बाकीच्यांना म्हणाले, "रिंगण करा नि बोंबला."

"हाण, सर्वेश! सोडू नको त्याला!"

झाले! कुठले कारण नि काय! काठी खांद्यावर बसली, बरगड्यांवर बसली. म्हातारा गुडघ्यांवर आला, त्याने दोन्ही हात वर केले, तरी सर्वेश मारतच राहिला. हेल्मेट उडाले आणि पुढच्या फटक्याने कान फाटला. रक्त कॉलरवर ओघळले, तेव्हा कुठे रिंगणातला ओरडा थांबला, आणि काठीही.

घाणेकर कान दाबत बसते झाले. "आता सांग. शेवटच्या चार फटक्यांचं कारण काय?"

"सगळे... सगळे ओरडत होते, साहेब."

"अरे मेल्या, ओरडणाऱ्यांचं काय मोडतं? समोरचा पडला की तुझं काम संपलं. पुढचा प्रत्येक फटका गुन्हा, वर्दी असो नायतर नसो!"

सर्वेश तडक बाबूला ठेवले होते त्या दवाखान्यात गेला. त्याला दारात बघताच बाबूने प्लास्टरमधला हात डोक्यावर धरला. सर्वेश खाटेशी खाली बसला.

"हात खाली घे रे, बाबूदादा. चुकलो मी. पोलिसांत जाऊन सगळं कबूल करतो."

बाबूने हात खाली घेतला नाही. "जाशील तेव्हा खरं. आता तुझ्यामागनं ओरडायला कोण नाय."

सर्वेश एकटाच चौकीत गेला. नोकरी गेली, खटलाही उभा राहिला.

तर मंडळी, गर्दीत "हाण" म्हणण्याआधी कारण विचारा, आणि माणूस पडला की "पुरे" म्हणा. त्या दिवशी एकाने जरी तेवढे म्हटले असते, तरी बाबू आज जाळे ओढत असता!