जेवणानंतरची चूळ

यांचं तोंड स्वच्छ राहिलं नाही तर छाती पुन्हा भरेल, आणि या खेपेला ती मोकळी होईलच असं नाही, असं दातांच्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दातांवर चिकट थर साचतो, त्यातले जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात. उन्हाळ्यात तेच झालं होतं.

विसरण्याच्या आजारात यांना ब्रश म्हणजे काय तेही कळेनासं झालंय. तोंडाशी नेला की चावतात. माझं बोटही चावलं. बोटाचं काय, भरून येतं. दुकानातलं औषधी पाणी दिलं तर ते गिळून पोटात आग पडायची. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "आंटीजी, त्रिफळ्याचा काढा द्या. थर कमी होतो. चुकून गिळला तर घाबरू नका, पण थुंकायला लावा."

काढा मीच करते. पूड पाण्यात उकळायची, फडक्यानं गाळायची, कोमट होऊ द्यायची. पहिल्या दिवशी पूजा आटोपून मी तो यांच्या तळहातावर घातला. यांनी पाठ ताठ केली, डोळे मिटले. "केशवाय नमः," म्हणाले आणि प्यायले. नारायणाय, माधवाय, तिन्ही घोट पोटात. चौथ्या नावाला हातात उरलेला तेवढा बेसिनमध्ये सोडला.

वाईचं घर आवरून आम्ही इकडे उत्तरेत, विद्याधर नगरात मुलाकडे, परीक्षितकडे, राहायला आलोय. यांचं आचमन चाललं तेव्हा तो दारात उभा होता. हसला आधी.

"आई, माझं नाव आठवत नाही बाबांना. आणि ही नावं बघ."

मग ऑफिसला उशीर होतोय म्हणाला आणि गेला.

रोज तेच व्हायला लागलं. त्रिफळ्यानं जे व्हायचं ते झालं, पोट वाहून यांना उभं राहवेना. पेल्यात दिला तर पाणी समजून प्यायचे. हिरड्यांतून रक्त यायचं ते येतच होतं. मी जपाला बसले तरी लक्ष यांच्या श्वासाकडे.

एकदा पूजेची भांडी घासताना वाटलं, आचमनाचं पाणी पोटात जातं, जेवणानंतरचं बाहेर. पण टेबलावरून उठवून बेसिनपाशी नेलं तर यांना काही उमगेना. म्हणून एका संध्याकाळी रीतसर ताट मांडलं. भोवती महिरप काढली, उदबत्ती लावली, डावी-उजवी बाजू नीट वाढली. आग्रह केला. हे पोटभर जेवले. मग गॅलरीतल्या मोरीशी नेऊन तांब्यानं हातावर पाणी घातलं आणि त्यामागून काढा. यांनी खळाखळा चूळ भरली आणि लांब टाकली.

मला रडू आलं. आनंदाचंच ते.

पदरानं डोळे पुसतेय तोवर हे टॉवेलला हात पुसत म्हणाले, "जेवण उत्तम झालं, वहिनी. आता निघतो."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? घरी."

मी यांची बायको आहे असं सांगितलं तर बिथरले. अंगावरची शालही नको म्हणाले, परक्याची म्हणून. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही.

आता रोज संध्याकाळी ताट मांडते. हिरड्यांचं रक्त थांबलं, तोंडाचा वास गेला. डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाल्या, थर बराच कमी झालाय, असंच चालू ठेवा. परीक्षित म्हणाला, "आई, जमवलंस की गं तू."

जमलंय खरं. चातुर्मासात खोटं बोलायचं नाही हा माझा नेम, तेवढा रोज संध्याकाळी मोडतो. त्याची क्षमा मी दिवा लावतानाच मागून घेते.

काल यांनी पहिली चूळ टाकली आणि विचारलं, "आमच्या घरी निरोप धाडलात ना?"

"धाडला, भावजी."

"नाही, ही उपाशी बसते म्हणून विचारलं. मी जेवल्याशिवाय ती घास घेत नाही."

"आज जेवल्या असतील."

"छे हो," हे हसले. "तुम्ही ओळखत नाही तिला."

तांब्यात काढा उरला होता. मी म्हटलं, "हात पुढं करा, भावजी. अजून एक चूळ घ्या." यांनी हात पुढं केला.