टाकीचा वास गेला

सांडपाण्याच्या प्लँटचं फाटक उघडताच तिथली इंजिनिअर रेणुका हवा हुंगत थांबली. रोजचा मातकट वास नव्हता. मोठ्या टाकीवर तपकिरी फेसाऐवजी पांढराफेक फेस फुगला होता.

"वास गेला न्हवं, ताई?" झाडूवाले सीतारामभाऊ खुशीत पुढं आले. "आज सायेब तपासणीला येनार, म्हनून पाच कॅन फिनेल वतलं टाकीत."

रेणुकानं टाकीत वाकून पाहिलं. शहराची घाण खाणारे जंतू त्या टाकीत वाढवायला तिला दोन महिने लागले होते. भाऊंनी एका सकाळीत सगळे मारले. आता घाण आहे तशी नदीत जाणार, आणि खाली कान्हे गावात तिची आई त्याच नदीचं पाणी भरायची.

भाऊंना ओरडून हे सांगत नदीकडची झडप बंद करायला ती धावली. चाक फिरेना. भाऊंनी जोर लावला तेव्हा कुठं झडप बसली.

"आता न्हाई ना जायाचं कायी?" भाऊंनी विचारलं.

तिनं टाकीकडं पाहिलं. पाण्यापासून काठ जेमतेम वीतभर वर होता. शहराकडून येणाऱ्या पाइपातला आवाज वाढत चालला होता. सात वाजले होते. सगळं शहर उठून आंघोळीला लागलं होतं.